काकांची डबी, सासऱ्यांची डबी

प्रफुलचा नवा कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद पडला, तेव्हा पडद्यावर इतवारीच्या मुलीची लग्नपत्रिका होती आणि तिच्यावरच्या गणपतीची सोंड अर्धीच रंगून झाली होती. इतवारी तलावात मासे धरणारा माणूस, चिरोलीहून सायकल हाणत पत्रिका न्यायला आलेला. तो रागावला नाही. दुपट्ट्याने मान पुसत त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि गणपती झोपला का, एवढंच विचारलं.

दोन हजार चारचा मे महिना होता. मूलच्या बसस्टँडमागे प्रफुल आणि त्याची बायको मयुरी कॉम्प्युटर क्लास चालवत. मयुरी पोरींना टायपिंग शिकवायची, प्रफुल पत्रिका आणि बॅनर करायचा. नवा कॉम्प्युटर धावायचा वाऱ्यासारखा, पण ऊन तापलं की आतला प्रोसेसरही तापायचा आणि मोठं चित्र उघडलं की यंत्र मान टाकायचं. दुसरा कोणी असता तर दुपारी झोपून संध्याकाळी काम करता झाला असता. पण प्रफुलने नागपूरच्या एका दुकानात उभ्या उभ्या एक मासिक चाळलं होतं. त्यात लिहिलं होतं की, बाहेरच्या देशांत हौशी लोक प्रोसेसर पाण्याने थंड करतात. तांब्याची पोकळ डबी प्रोसेसरवर बसवायची, एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. त्या डबीला म्हणतात वॉटर ब्लॉक. हे वाचल्यापासून प्रफुलला बसवत नव्हतं. जिल्ह्यात पाण्यावर चालणारा पहिला कॉम्प्युटर मूलमध्ये, तोही आपला, या विचाराने जेवताना त्याचा घास हातातच राहायचा.

असली डबी नागपुरातही मिळेना. मग त्याने ती करवून घ्यायची ठरवली आणि इथेच तो चुकला. आधी त्याने मनसारामकाकांना सांगितलं. काकांचं ट्रॅक्टरचे आणि जीपचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि प्रफुलला लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं. काका म्हणाले, करतो. त्याच आनंदाच्या भरात प्रफुलने कुरखेड्याला सासऱ्यांना फोन लावला. गुणवंतराव तिथे लेथवर राइस मिलचे भाग कातून द्यायचे. तेही म्हणाले, करतो. प्रफुल दोघांनाही हो म्हणाला.

आता या दोन व्याह्यांचं बोलणं प्रफुलच्या लग्नापासून बंद होतं. वरातीच्या जीपचा रेडिएटर नागभीडच्या अलीकडे उकळला आणि मुहूर्त टळला. तो रेडिएटर आदल्याच दिवशी मनसारामकाकांनी नीट करून दिला होता. मांडवात गुणवंतराव चारचौघांत म्हणून गेले की, रेडिएटरवाला पोचला, रेडिएटर तेवढा राहिला. तेव्हापासून दोघांचा नमस्कारही प्रफुलमार्फत जायचा.

आठवड्याभरात दोन्ही डब्या तयार झाल्या. काकांची डबी म्हणजे रेडिएटरचीच धाकटी बहीण. तांब्याच्या रुंद नळ्या, वर पितळेचं झाकण, चारी बाजूंनी कथिलाने सुरेख झाळलेलं. सासऱ्यांची डबी भंगारातल्या जाड तांब्याच्या पट्टीतून कातलेली, आत केसासारख्या बारीक गोल गोल खाचा, वर आरशासारखी चकाकी. प्रफुल एकदा ही हातात घ्यायचा, एकदा ती. मयुरीने त्याला विचारलं की, यातली कोणती बसवणार आणि उरलेलीचं काय सांगणार. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की, एक डबी बसवली म्हणजे एका घराचं दार बंद झालं.

यावर त्याला उपाय सुचला, तो असा की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. निवड आपण करायचीच नाही. परीक्षा घ्यायची. कॉम्प्युटर तोच, काम तेच, पाणी तेच. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं, ज्याचा आकडा कमी त्याची डबी सरस. यात कोणाला राग यायचं कारणच काय?

दोघांनाही ते पटलं. गुणवंतराव रविवारी पहाटेच्या बसने निघून आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "जवाईबुवा, न्याय सारखा पाह्यजे. मंग जे निघंल ते निघंल."

मनसारामकाका त्यांच्याकडे न बघता भिंतीला उद्देशून म्हणाले की, आपल्यालाही कोणाची मेहरबानी नको आहे.

पंच म्हणून इतवारीला बसवलं. तो पत्रिकेसाठी पुन्हा आला होता आणि दोन्ही घरांशी त्याचं काही नातं नव्हतं. यातलं मले काहीच समजत नाई, असं तो सांगत होता. प्रफुल म्हणाला, म्हणूनच तुमी पाह्यजे. आकडा वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा, एवढंच त्याचं काम. आणि दोन्ही वेळा कॉम्प्युटरला काम द्यायचं ते त्याच्याच पत्रिकेचं, म्हणजे गणपती मोठा करून रंगवायचा. इतवारीला तेवढ्यानेच आशा वाटली.

सुरुवातीलाच पंपाचा पेच पडला. काकांनी दणकट मोटार आणली होती, सासऱ्यांनी लहानशी. प्रफुल म्हणाला, पंप वेगवेगळे चालणार नाहीत. तो घरात गेला आणि कूलरमधला पंप काढून घेऊन आला. मयुरी नुकतीच न्हाऊन कूलरसमोर केस वाळवत बसली होती. थंड वाऱ्याच्या जागी एकदम भट्टीचा वारा आल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तोवर नवरा पंप छातीशी धरून क्लासच्या खोलीत पोचलाही होता.

नाणं उडवलं, काकांचा नंबर पहिला लागला. बादली गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली भरली, नळ्या जोडल्या, पंप घुरघुरला आणि तांब्याच्या डबीतून पाणी खेळायला लागलं. कॉम्प्युटर बंद पडला नाही. गणपतीची सोंड पूर्ण झाली, मोदकही रंगला. प्रफुलच्या अंगावर काटा आला. इतवारीने डोळे बारीक करून आकडा वाचला, सहासष्ट. मग ती डबी काढून सासऱ्यांची बसवली. आकडा त्रेसष्ट.

गुणवंतराव मिशीतल्या मिशीत हसले. काका उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की, सासऱ्यांच्या डबीच्या वेळी मयुरी चहा घेऊन आली आणि दार उघडं राहून वारा आत आला. लेक शेवटी बापाचीच.

"काकाजी," मयुरी म्हणाली, "चहा मी पह्यल्याच्या वेळी बी आणला होता. तवा तुमीच दाराले पाय लावून बसले होते."

गुणवंतरावांनी लेकीची बाजू घ्यायला हवी होती. पण ते म्हणाले, तिचं काय खरं, ती आता त्याच घरची. एकाच चहावरून दोन्हीकडून बोलणी खाल्ल्यावर मयुरीने भरलेले कप परत ट्रेमध्ये ठेवले. आता दोन्ही बाजूंना सारखाच न्याय, चहा कोणालाच नाही, असं सांगून ती आत गेली.

दुसऱ्या खेपेला बादली नव्याने भरली, दारं-खिडक्या लावल्या, वरचा पंखा बंद केला आणि नंबर उलटा केला. आधी सासऱ्यांची डबी, मग काकांची. चौघेही अंगातून पाणी गाळत आकड्याकडे बघत होते. सासऱ्यांची सहासष्ट. काकांची त्रेसष्ट. जो दुसरा, तो जिंकला.

आता गुणवंतराव उभे राहिले. पण प्रफुल त्यांच्या आधी उडालाच. त्याने बादलीत हात घातला, नळाखाली हात धरला आणि त्याला कारण सापडलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने कढत यायचं. ते बादलीत सावलीला बसून निवायचं, आणि दुसऱ्याच्या वाट्याला थंड पाणी जायचं. दोष डबीचा नाही, पाण्याचा होता. एवढं शोधून काढल्याचा त्याला इतका आनंद झाला की, त्याने दोन्ही म्हाताऱ्यांना जवळजवळ मिठी मारली. पाणी मोजून एकाच तापमानाचं करायचं, झालं.

मोजायचं कशाने? घरात ताप बघायचं थर्मामीटर होतं. ते टाकीच्या पाण्यात धरलं तर पारा एकशे सहाच्या वर गेला. इतवारीने बादलीला वरून हात लावून पाहिला आणि तोंडाने चकचक आवाज केला. प्रफुलने ठरवलं की, पाण्याचा ताप पूर्ण उतरून अठ्ठ्याण्णववर आला की सुरू करायचं, दोघांसाठीही अठ्ठ्याण्णव. त्यासाठी बर्फ पाहिजे. बाजारातला गोळेवाला रविवारी नव्हता, म्हणून पंच स्वतः सायकलवर मासळीबाजारात गेला आणि ओळखीवर पोतंभर बर्फ घेऊन आला.

पोतं उघडल्याबरोबर खोलीत मासळीबाजार शिरला. पण पाणी अठ्ठ्याण्णववर आलं, आणि प्रफुलला वासाची शुद्ध नव्हती. काकांच्या डबीने एकसष्ट दाखवला आणि काका प्रथमच भिंतीऐवजी माणसांकडे बघून हसले. मग सासऱ्यांची डबी बसली. साठ. एकोणसाठ. गुणवंतराव पुढे सरकले. अठ्ठावन्न. आकडा थांबला, मग साठ झाला, पासष्ट झाला, सत्तर झाला, इतवारी एकामागून एक सांगत राहिला, आणि यंत्र खट्कन बंद पडलं.

डबी खोलली. आत केसासारख्या खाचांमध्ये काहीतरी चकाकत होतं. इतवारीने ते नखाने काढून उजेडात धरलं.

"रोहूचा खवला आहे," तो म्हणाला. बर्फाबरोबर आला असावा, असंही त्याने भीतभीत सांगितलं.

त्या दिवसातलं खरं भांडण आता झालं. काकांचं म्हणणं, आपल्याही डबीत खवले गेलेच असतील, पण नळ्या रुंद म्हणून निघून गेले, आणि हा डबीचा गुण झाला. पाण्यात कचरा यायचाच. कचऱ्याला घाबरणारी डबी काय कामाची? रेडिएटरचा धंदा आयुष्यभर त्यांनी केला होता, त्यांना कोणी शिकवू नये.

गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "डबी थंड करासाठी आहे, मासोळी खावासाठी नाई."

इतवारी हसला आणि लगेच पंचासारखा गंभीर झाला. प्रफुलची मात्र पंचाईत झाली, कारण त्याला दोघांचंही पटत होतं. थंड किती करते ही एक परीक्षा, आणि मळक्या पाण्यात किती टिकते ही दुसरी. दोन्ही एकत्र मिसळल्या तर काय मोजलं हेच कळणार नाही. त्याने तसा निकाल दिला. आज फक्त थंडाव्याची परीक्षा, पाणी गाळून. मळक्या पाण्याची परीक्षा वेगळी, पुढे कधीतरी. मयुरीची जुनी ओढणी चार पदरी करून पाणी गाळलं. ओढणी कोणाची आहे हे कोणी विचारलं नाही, आणि तिला सांगितलंही नाही.

गाळलेल्या पाण्यावर काका साठ, सासरे एकोणसाठ. काका म्हणाले, एका अंशाने काय होते. सासरे म्हणाले, एक अंश म्हंजे एक अंश. तेव्हा प्रफुलच्या डोक्यात जे आलं, ते कोणाच्याही आलं नसतं. त्याने सासऱ्यांचीच डबी काढली, पुसली, डबी आणि प्रोसेसरमध्ये लावतात ती पेस्ट नव्याने लावली आणि तीच पुन्हा बसवली. म्हणाला, डबी तीच आहे, आकडाही तोच यायला पाहिजे.

आकडा आला बासष्ट.

पुन्हा काढली, पुन्हा बसवली. अठ्ठावन्न.

काकांच्या डबीचंही तेच. एकदा त्रेसष्ट, एकदा अठ्ठावन्न. पेस्ट जरा जास्त लागली, स्क्रू जरा तिरका बसला, की आकडा हलायचा. प्रफुल खुर्चीवर उभा राहून म्हणाला की, डब्यांमधल्या फरकापेक्षा आपल्या हाताचा फरक मोठा आहे. एकेकदा बसवून निकाल लावणं म्हणजे आपल्या बोटांचीच परीक्षा. म्हणून प्रत्येक डबी पुन्हा पुन्हा काढून बसवायची आणि सरासरी घ्यायची. त्याने ते केलं. अंगातला शर्ट पिळून निघेपर्यंत केलं. इतवारीच्या घशाला कोरड पडली, तो आकडे पुटपुटत सांगू लागला. शेवटी सरासरी निघाली, काका साठ, सासरे साठ.

"दोघंही बरोबरीत," प्रफुलने जाहीर केलं. त्याला वाटलं, यापेक्षा गोड निकाल असूच शकत नाही. दोन्ही घरं वाचली.

दोघांचेही चेहरे पडले. हरले असते तर वाऱ्यावर, पाण्यावर, खवल्यावर दोष टाकता आला असता. बरोबरी कोणावर टाकणार? काकांनी विचारलं की, जो माणूस चिरचिर वाजणाऱ्या यंत्रावर डबी कातून आणतो, त्याच्या बरोबरीचा मी? सासऱ्यांनी विचारलं की, नळ्या झाळून आणणं आणि एवढ्या बारीक खाचा कातणं एकच का? दोघांनीही आपापल्या डब्या रुमालात बांधायला घेतल्या.

प्रफुलला राहवलं नाही. दोघांनी केवढं मोठं काम केलं आहे हे त्यांना दिसावं, म्हणून तो म्हणाला की, आता मूळचा पंखाही लावून बघू, म्हणजे दोन्ही डब्या त्याच्यापेक्षा किती पुढे आहेत ते समोरच दिसेल. कंपनीकडून आलेला, ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्यांवर बसवलेला तो लहान पंखा टेबलाच्या खणात पडला होता. त्यालाही न्याय सारखाच, असं प्रफुलने ठरवलं. डब्या स्वच्छ केल्या होत्या, तर पंखाही स्वच्छ करायचा. त्याने पंखा सोडवला, तर खाली पात्यांमध्ये भाताच्या कोंड्याचा असा घट्ट थर बसला होता, जसा गोधडीत कापूस. मागच्याच गल्लीत राइस मिल होती आणि कोंडा दिवसभर उडायचा. प्रफुलने तो थर दात घासायच्या ब्रशने सगळा काढला, नवीन पेस्ट लावली, स्क्रू सरळ बसवले. दारं-खिडक्या बंदच. काम तेच.

सगळे आकड्याकडे बघत होते. आकडा वर गेला, थांबला, आणि तिथेच राहिला. इतवारीने मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"सत्तावन," तो म्हणाला.

कूलरचा पंप कोपऱ्यात रिकामाच घुरघुरत होता. प्रफुलने पंखा काढला, पुसला, पुन्हा बसवला. छप्पन. आणखी एकदा, अठ्ठावन्न. क्षणभर त्याला वाटलं की, एवढ्यावर कॉम्प्युटर बंद करावा आणि पंख्याचा विषयच काढू नये. पण आकडे मोठ्याने सांगून झाले होते, आणि तसं नसतं तरी त्याला ते जमलं नसतं. सगळा दिवस त्याने दुसऱ्यांना न्याय सारखा सारखा म्हणून सांगितलं होतं. तो स्टुलावर बसला. जिल्ह्यातला पाण्यावर चालणारा पहिला कॉम्प्युटर त्याच्या डोळ्यांसमोर होता तसा बिनपाण्याचा होऊन बसला होता.

इतवारीचा गणपती मात्र सबंध रंगला, आणि पाठोपाठ पत्रिकाही एकामागून एक बाहेर आल्या. त्याने त्या छातीशी धरल्या, दोन्ही म्हाताऱ्यांना लग्नाला यायचं सांगितलं आणि सायकलला टांग मारली.

गुणवंतरावांची ब्रह्मपुरीमार्गे कुरखेड्याला जाणारी शेवटची बस केव्हाच निघून गेली होती. लेकीच्या घरात कूलर उघडा पडला होता, खोलीला मासळीचा वास होता आणि लेक कोणाशी बोलत नव्हती. मग मनसारामकाका दाराकडे बघतच व्याह्यांना म्हणाले, "इवाई, आमच्या आंगणात खाट आहे." गुणवंतरावांनी पिशवी उचलली.

रात्रभर प्रफुलला झोप नव्हती, आणि त्याला कारण फक्त उकाडा नव्हता. व्याही दोघं एका अंगणात काय करत असतील, याची काळजी होती. सकाळी त्याने दार उघडलं तर दोघंही दारात उभे. डोळे लाल, हातांना काजळी, तोंडावर मात्र अशी तरतरी की प्रफुल मागेच सरकला.

काकांच्या हातात एकच डबी होती. तळ सासऱ्यांचा, त्याच बारीक खाचांचा, पण खाचा आता थोड्या रुंद केलेल्या. वर काकांच्या नळ्या आणि पितळेचं झाकण, जोड असा की शोधून सापडू नये. खाटेवर पडल्या पडल्या सुरुवात त्या पंख्यापासून झाली होती, असं कळलं. कंपनीचा एवढासा पंखा दोन कारागिरांना मागे टाकतो म्हणजे काय, यावर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. मग काकांनी दुकान उघडलं, गुणवंतरावांनी कानस हातात घेतली, आणि कधी उजाडलं ते त्यांनाही समजलं नाही.

प्रफुलच्या पायांत पुन्हा वारं शिरलं. आत्ताच लावू म्हणत तो वळलाही. पण काकांनी त्याचा हात धरून थांबवलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं, तुमीच सांगा अशा अर्थाने.

"परीक्षा होईल," गुणवंतराव म्हणाले, "पण घेणारा आमाले दुसरा पाह्यजे, जवाईबुवा. तुमी पंख्याच्या बाजूनं आहा."